शिंप्याच्या पोराने कॅमेऱ्याचा शोध लागण्याआधीच फोटोवरून नकाशा करायचं गणित मांडलं होतं

मोबाइलवर नकाशा उघडायचा, सॅटेलाइट व्ह्यू लावायचा आणि आपलं गाव शोधायचं. हा उद्योग प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो. आधी नदी सापडते, मग देवळाचं आवार, मग शाळेचं पटांगण आणि शेवटी आपल्या घराचा पत्रा. सगळं कसं जागच्या जागी असतं.

पण खरं सांगायचं तर उपग्रहाने काढलेला फोटो जागच्या जागी कधीच नसतो. तो फक्त फोटो असतो. त्याचा नकाशा करायचा असेल तर दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. फोटो काढला तेव्हा कॅमेरा नेमका कुठे होता? आणि तो नेमका कुठल्या दिशेला, किती कलून बघत होता? यालाच या क्षेत्रातले लोक ओरिएंटेशन काढणं म्हणतात.

आता यात एवढं काय, असं वाटू शकतं. तर एक हिशोब बघा. ५ मे २००५ ला इस्रोने कार्टोसॅट-१ नावाचा उपग्रह सोडला. तो खास नकाशांसाठीच होता आणि ६१८ किलोमीटर उंचीवरून फिरत होता. एवढ्या उंचीवर कॅमेऱ्याची दिशा समजण्यात फक्त एका अंशाची चूक झाली, तर जमिनीवर सुमारे ११ किलोमीटरचा घोळ होतो. म्हणजे सीएसएमटीची इमारत नकाशात दादरच्याही पुढे जाऊन बसेल. बरं, एका अंशाचे ३६०० भाग केले आणि त्यातल्या एकाच भागाची चूक झाली, तरी ३ मीटर जातात. शेताच्या बांधावरून कोर्टात भांडणाऱ्यांना ३ मीटर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

मग हे गणित सोडवलं कुणी? उत्तर शोधत मागे गेलं तर नासा लागत नाही, इस्रो लागत नाही, विमान लागत नाही आणि कॅमेरासुद्धा लागत नाही. लागतो तो शाळा सोडून बापाच्या दुकानात कपडे शिवायला बसलेला एक मुलगा. त्याचं नाव योहान हाइनरिश लॅम्बर्ट.

बाराव्या वर्षी शाळा सुटली

लॅम्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १७२८ चा, मुलहाउस गावातला. आज हे गाव फ्रान्समध्ये आहे. तेव्हा मात्र ते स्वतंत्र शहर होतं आणि स्विस संघाशी त्याची दोस्ती होती. घराणं ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांपैकी. वडील शिंपी. घरात खाणारी तोंडं जास्त आणि पैसा कमी, त्यामुळे जे व्हायचं तेच झालं. बाराव्या वर्षी पोराची शाळा सुटली आणि हातात सुई आली.

पण गडी काही पुस्तकं सोडायला तयार नव्हता. दिवसभर काम करायचं आणि उरलेल्या वेळात, रात्री जागून, मिळेल ते वाचायचं. गणित, खगोल, भाषा, जे हाती पडेल ते. शिकवायला मास्तर नाही, चुकलं तर सांगायला कुणी नाही.

पुढे एका लोखंडाच्या कारखान्यात कारकुनी मिळाली. सतराव्या वर्षी तो बाझल शहरात एका वर्तमानपत्राच्या संपादकाकडे सचिव म्हणून लागला. पगारापेक्षा त्याला जास्त किंमत होती ती तिथे मिळणाऱ्या मोकळ्या वेळाची आणि पुस्तकांची.

खरी कलाटणी मिळाली १७४८ मध्ये. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात कूर नावाचं गाव आहे. तिथल्या फॉन सालिस या बड्या घराण्याला मुलांसाठी घरगुती शिक्षक हवा होता. लॅम्बर्टला ते काम मिळालं. या घरात मोठं ग्रंथालय होतं. विसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुस्तकं मागत फिरायची गरज उरली नाही. दिवसा तो पोरांना शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःला. स्वतःची उपकरणं बनवायची, आकाश बघायचं, हवेतला दमटपणा मोजायचा, हा त्याचा दिनक्रम. अशी आठ वर्षं गेली.

मग १७५६ मध्ये तो या मुलांना घेऊन युरोप फिरायला निघाला. गटिंगेन, हॉलंड, पॅरिस, इटली असा हा दौरा दोनेक वर्षं चालला. तेव्हाच्या मोठमोठ्या विद्वानांना तो या दौऱ्यात भेटला. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकाच वेळी चार-पाच पुस्तकं तयार होती.

चित्र बघून चित्रकार कुठे उभा होता हे सांगता येईल का?

१७५९ मध्ये झुरिचमधून त्याचं एक पुस्तक आलं. विषय होता पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे यथार्थदर्शन. लांबचं लहान दिसतं, जवळचं मोठं दिसतं, रेल्वेचे रूळ दूर जाऊन एकमेकांना मिळाल्यासारखे वाटतात, ते हेच. चित्रकारांना हे तंत्र तीनशे वर्षांपासून माहीत होतं. पण ते वापरायची पद्धत फार किचकट होती. आधी इमारतीचा जमिनीवरचा आराखडा काढायचा, मग त्यातला एकेक बिंदू उचलून चित्रात आणायचा. लॅम्बर्टने दाखवून दिलं की आराखड्याची गरजच नाही, थेट कागदावर मोजमापं घेऊन अचूक चित्र काढता येतं. म्हणून त्याने आपल्या पद्धतीला मुक्त यथार्थदर्शन असं नाव दिलं.

चित्रकारांसाठी पुस्तक इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण लॅम्बर्टने प्रश्न उलटा केला. समजा तयार चित्र आपल्या हातात आहे. ते काढणाऱ्याचा डोळा नेमका कुठे होता, हे चित्रावरून उलट शोधून काढता येईल का? आणि ते सापडलं तर चित्रातल्या वस्तूंची खरी मापं काढता येतील का?

त्याचं उत्तर होतं, येतील. फक्त चित्रातल्या काही जागा आपल्याला आधीपासून माहीत हव्यात.

हे समजायला सह्याद्रीतलं एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही धुक्यात वाट चुकला आहात. धुकं हटतं आणि तीन किल्ले दिसतात. तोरणा, सिंहगड आणि पुरंदर. तिन्ही तुम्ही ओळखले आणि तिन्ही तुमच्या नकाशावर आहेत. आता तोरणा आणि सिंहगड यांच्यामध्ये किती अंशांचा कोन पडतो, सिंहगड आणि पुरंदर यांच्यामध्ये किती पडतो, एवढंच मोजायचं. या दोन कोनांवरून तुम्ही नकाशावर कुठे उभे आहात ते निघतं. सर्व्हेवाले याला रिसेक्शन म्हणतात. सपाट नकाशापुरतं हे गणित हॉलंडच्या स्नेलियसने १६१७ मध्येच वापरलं होतं. लॅम्बर्टने तोच विचार चित्राला लावला.

आणि चित्राचं गणित जास्त अवघड असतं. कारण डोळा फक्त कुठे आहे एवढं पुरत नाही, तो कसा बघतोय हेही लागतं. आकाशात फिरणारी घार आठवा. ती कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात. पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती आणि उंच किती. पण ती बघतेय कुठे, हे सांगायला आणखी तीन आकडे लागतात. चोच वर आहे की खाली, एक पंख झुकलाय का आणि तोंड कुठल्या दिशेला आहे. एकूण सहा अज्ञात आकडे.

आता गंमत बघा. फोटोतला प्रत्येक ओळखीचा बिंदू आपल्याला दोन आकडे देतो, आडवा किती आणि उभा किती. तीन बिंदू घेतले की सहा आकडे झाले. सहा अज्ञात, सहा माहीत. गणित सुटतं. कधी कधी एकापेक्षा जास्त उत्तरं येतात, म्हणून चौथा बिंदू घेऊन खात्री करायची. आजही कॅमेऱ्याचं ओरिएंटेशन काढण्याच्या मुळाशी हाच हिशोब असतो.

विशेष म्हणजे १७५९ मध्ये जगात एकही फोटो नव्हता. फोटोग्राफीची पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे लॅम्बर्टने हा प्रश्न ८० वर्षं आधी सोडवला होता आणि तोही हाताने काढलेल्या चित्रांसाठी.

दोन वर्षांत तीन मोठी कामं

पठ्ठ्या एवढ्यावर थांबला नाही. १७६० मध्ये त्याचं प्रकाशमापनावरचं पुस्तक आलं. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश तिरका पडला तर तो किती कमी उजळतो, याचा नियम त्याने मांडला. वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकते, यासाठी अल्बेडो हा शब्दही त्यानेच प्रकाशमापनात आणला. आज उपग्रहाच्या फोटोत डोंगराची उन्हातली बाजू पांढरी आणि सावलीतली बाजू काळी दिसते. दोन्हीकडे तेच जंगल आहे की वेगळं, हे ठरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या दुरुस्तीत पहिलं गृहीतक लॅम्बर्टच्या या नियमाचंच असतं.

१७६१ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरचं पुस्तक आलं. एखादी वस्तू कक्षेतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला किती वेळ घेते आणि त्यावरून तिची कक्षा कशी ओळखायची, याचं सूत्र त्यात होतं. अवकाशयानांचे मार्ग आखणाऱ्यांच्या भाषेत आजही या कोड्याला लॅम्बर्टचा प्रश्न म्हणतात.

त्याच काळात त्याने पाय, म्हणजे वर्तुळाचा परिघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, कुठल्याही अपूर्णांकात बसत नाही हे सिद्ध केलं. शाळेत आपण बावीस सप्तमांश लिहितो ती फक्त जवळची किंमत असते. पण कुठलाच अपूर्णांक नेमका बसणार नाही, हे तोवर कुणी पक्कं दाखवलं नव्हतं. ते दाखवलं या शाळा सुटलेल्या माणसाने.

राजाला तो आवडलाच नाही

एवढं सगळं करूनही नोकरी पक्की नव्हती. घरगुती शिक्षकाचं काम सुटलं होतं. कधी ऑग्सबर्ग, कधी झुरिच, असं करत तो गावोगाव फिरत होता. शेवटी १७६४ मध्ये तो बर्लिनला पोहोचला. तिथल्या अकादमीत ऑयलरसारखा गणिताचा बादशहा बसला होता. लॅम्बर्टची लायकी विद्वानांना माहीत होती. पण अकादमीत घ्यायचं की नाही, यावर शेवटचा शब्द राजाचा. राजा होता प्रशियाचा फ्रेडरिक द ग्रेट.

भेटीचा किस्सा प्रसिद्ध आहे. राजाने विचारलं, की तुला कुठली शास्त्रं येतात. लॅम्बर्टने शांतपणे सांगितलं, की सगळी. राजाने विचारलं, की शिकलास कुणाकडे. उत्तर आलं, की माझा मीच. दरबारात इतकं सरळ कुणी बोलत नसतं. त्यात लॅम्बर्टचा पोशाख विचित्र, वागणं त्याहून विचित्र. राजाचं मत वाईटच झालं.

पण विद्वानांनी बाजू लावून धरली आणि राजाला नंतर मत बदलावं लागलं. जानेवारी १७६५ मध्ये लॅम्बर्ट अकादमीचा सदस्य झाला. वयाच्या ३६ व्या वर्षी त्याला स्थिर पगार आणि काम करायला मोकळीक मिळाली. तत्त्वज्ञ कांटशी त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढची बारा वर्षं तो बर्लिनमध्येच राहिला आणि लिहीत राहिला.

गोल पृथ्वी सपाट कागदावर

कॅमेरा कुठे होता हे कळलं, तो कुठे बघत होता हेही कळलं. तरी एक अडचण उरतेच. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल टेबलावर पसरून बघा, ती फाटते किंवा ताणली जाते. नकाशाचंही तेच होतं. काहीतरी बिघडणारच, काय बिघडू द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं.

लॅम्बर्टच्या आधी लोक एकेका नकाशापुरता मार्ग काढत होते. १७७२ मध्ये त्याने हा प्रश्नच मुळापासून घेतला. आकार जपायचे असतील तर काय करायचं, क्षेत्रफळ जपायचं असेल तर काय करायचं, हे गणिताने ठरवून त्याने एकदम बऱ्याच नव्या पद्धती दिल्या. पृथ्वीवर शंकूची टोपी ठेवून केलेली एक पद्धत आजही लॅम्बर्टच्याच नावाने चालते.

दुसरी पद्धत मात्र आपल्या रोजच्या वापरातली असून तिच्यावर त्याचं नाव नाही. मर्केटरच्या प्रसिद्ध नकाशात पृथ्वीभोवती उभी नळी गुंडाळलेली असते. लॅम्बर्टने ती नळी आडवी केली. त्यामुळे उत्तर-दक्षिण पसरलेला अरुंद पट्टा फारसा न बिघडता कागदावर येतो. पुढे गाउस आणि क्रूगर या जर्मन गणितज्ञांनी ही पद्धत सुधारली आणि तिच्यावरच यूटीएम नावाची जागतिक पद्धत उभी राहिली. भारताचं नकाशा धोरण २००५ मध्ये आलं. त्यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने सर्वसामान्यांसाठी जी ओपन सिरीज नकाशांची मालिका काढली, ती याच यूटीएमवर आहे.

एका शिंप्याच्या मुलाने, सपाट तागा गोल अंगावर बसवण्याचं काम ज्याने लहानपणी केलं त्याने, पुढे गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवली. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण गंमत आहे खरी.

माणूस गेला, मग कॅमेरा आला

२५ सप्टेंबर १७७७ ला लॅम्बर्ट बर्लिनमध्ये वारला. वय होतं ४९. लग्न, मुलंबाळं, इस्टेट असं काही मागे नव्हतं. मागे होते कागद.

पुढे फोटोग्राफी आली. १८५० च्या आसपास फ्रेंच सैन्यातल्या एमे लॉसदा या अधिकाऱ्याने फोटोंवरून नकाशे काढायला सुरुवात केली आणि लॅम्बर्टचा उलटा प्रश्न कामाला लागला. मग फुग्यातून फोटो आले, विमानातून आले आणि विसाव्या शतकात उपग्रहातून आले. भारताचा पहिला ऑपरेशनल, म्हणजे प्रायोगिक नसलेला, दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ ला उडाला.

उपग्रहांनी मात्र जुन्या प्रश्नाला नवा पीळ दिला. साधा कॅमेरा पूर्ण चित्र एका क्षणात टिपतो. त्यामुळे सहा आकडे काढले की काम झालं. कार्टोसॅट-१ सारखा उपग्रह तसं करत नाही. झेरॉक्स मशिनचा दिवा जसा कागदावरून सरकतो तसा तो जमीन ओळीओळीने वाचत जातो. एका ओळीत सुमारे १२ हजार ठिपके आणि सेकंदाला जवळपास तीन हजार ओळी. दरम्यान उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि किंचित डुललेलाही असतो. म्हणजे प्रत्येक ओळीसाठी डोळ्याची जागा वेगळी आणि नजरही वेगळी.

म्हणून उपग्रहावर जागा सांगायला जीपीएस असतं, हालचाल टिपायला जायरो असतात आणि नजर सांगायला स्टार सेन्सर असतात. स्टार सेन्सर म्हणजे ताऱ्यांचा फोटो काढणारा छोटा कॅमेरा. ताऱ्यांच्या जागा पक्क्या माहीत असतात, त्यामुळे त्यांच्या फोटोवरून उपग्रह किती कललाय ते निघतं. नीट बघितलं तर इथेही ओळखीच्या खुणांवरून आपली स्थिती शोधायची तीच युक्ती आहे.

तरीही थोडी चूक उरतेच. मग माणसं जीपीएस घेऊन जमिनीवर जातात. रस्त्यांचा चौक, बंधाऱ्याचा कोपरा, पुलाचं टोक अशा फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या जागा अचूक मोजतात. यांना ग्राउंड कंट्रोल पॉइंट म्हणतात. लॅम्बर्टने सांगितलेल्या आधीपासून माहीत असलेल्या जागा त्या याच. नकाशा करणाऱ्यांना आता फोटोसोबत ८० सहगुणकांची एक फाइलही मिळते. जमिनीवरचा कुठला बिंदू फोटोत कुठे पडेल, हे तिच्यावरून निघतं. गणित झाकलेलं असतं, पण आत तेच असतं.

शेवटचा मुद्दा डोंगरांचा. कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते. एक २६ अंश पुढे बघणारा आणि दुसरा ५ अंश मागे बघणारा, म्हणजे दोन डोळ्यांनी बघितल्यासारखी उंची कळावी म्हणून. पण तिरकं बघितलं की उंच गोष्टी फोटोत आडव्या झाल्यासारख्या सरकतात. १६४६ मीटरचं कळसूबाई या पुढच्या कॅमेऱ्यात आपल्या खऱ्या जागेपासून ८०० ते ९०० मीटर दूर दिसेल. नजर किती तिरकी होती हे नेमकं माहीत असेल तरच शिखर परत जागेवर आणता येतं.

आता या जागेवर धरणाचं बुडीत क्षेत्र ठेवा किंवा पुराची रेषा ठेवा. रेषा शंभर मीटर सरकली तर कागदावर एक वस्ती पाण्यात जाते आणि खरोखर पाण्यात गेलेली वस्ती कोरडी दिसते. कुणाला नुकसानभरपाई मिळणार आणि कुणाला नाही, हे अशा वेळी कॅमेऱ्याच्या कलावर येऊन थांबतं.

चंद्रावर इंब्रियम सागर नावाच्या सपाट काळ्या भागात सुमारे ३० किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. त्याला लॅम्बर्टचं नाव दिलंय. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याचे फोटो काढलेत. ते फोटो चंद्राच्या नकाशावर बसवायचे तर आधी कॅमेरा कुठे होता आणि कुठे बघत होता हे काढावं लागतं. म्हणजे लॅम्बर्टचं विवर नकाशावर आणायलासुद्धा लॅम्बर्टचाच प्रश्न सोडवावा लागतो.